गोळी थांबते कुठे?

मित्रांनो, भिंतीला टेकवून ठेवलेल्या वस्तूला कान नसतात, असा माणसांचा एक गोड गैरसमज आहे. त्या गैरसमजावर माझे निम्मे आयुष्य मजेत गेले. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. दोन नळ्या, दोन चाप आणि आक्रोडाच्या लाकडाचा एक दस्ता, एवढाच माझा संसार. नळ्यांची दोन गोल तोंडे शेजारी शेजारी असल्यामुळे मी सतत डोळे वटारून पाहते आहे, असे लोकांना वाटते. ते काही अगदीच खोटे नाही. मला पाहण्याचा नादच आहे. गिऱ्हाईक बंदूक पारखायला येते, तेव्हा बंदूकही गिऱ्हाईक पारखत असते. आणि दोघांत फसण्याची पाळी सहसा बंदुकीवर येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या कारागिरांनी माझ्या दोन नळ्या दिसायला सारख्या आणि स्वभावाने वेगळ्या केल्या. उजवी नळी शेवटपर्यंत मोकळी; तिच्यातून छर्रे सुटले की लगेच पांगतात. डावी तोंडाशी किंचित आवळलेली. तिच्यातले छर्रे बरेच अंतर घोळक्याने जातात. एका आईच्या दोन लेकी, एक बडबडी आणि एक ओठ दाबून बसणारी, तसे समजा. जवळच्या जनावराला उजवी, लांबच्या पाखराला डावी. हे मला कोणी शिकवावे लागले नाही. माणसांना मात्र शिकवावे लागते, आणि शिकवले तरी ते ऐकतीलच असे नाही.

माझे पहिले मालक नथ्थू आबा. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचे गाव. तेव्हा शिकारीला रीतसर परवाने मिळत. आबांनी शिंप्याकडून एक खाकी कोट शिवून घेतला होता, आणि त्या कोटाला खिसेच खिसे. प्रत्येक खिसा एका जनावराच्या नावाचा. छातीवरच्या खिशात बाजरीच्या दाण्याएवढ्या छर्ऱ्यांची काडतुसे, ती लाव्या-तितरांसाठी. कमरेच्या खिशात त्याहून जाड छर्रे, सशासाठी. आणि आतल्या खिशात एकच शिशाची गोळी असलेली काडतुसे, ती रानडुकरासाठी. आबांचा हात कोणत्या खिशात जातो हे पाहूनच आज कोणाची वेळ भरली ते मला कळे.

गावातली माणसे त्यांना विचारत, “आबा, एवढा खटाटोप कशाले? काडतूस म्हनजे काडतूस.”

आबा म्हणत, “तितराले डुकराची गोळी मारली तर घरी नुसती पिसं येतात. अन् डुकराले तितराचे छर्रे मारले तर डुक्कर घरी येतं.”

“अन् रोही?” रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढे जनावर.

“रोही लांबून पाहतो, लांबूनच पळतो. ते काम रायफलीचं. ही माही दुनळी तिथपर्यंत पोचत नाही.”

“अन् बिबट्या आला तर?”

“बिबट्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हनजे घराचं दार. आत जायचं अन् लावून घ्यायचं.”

मालक असा असला की हत्यारालाही अब्रू राहते. आबा मला रोज फडक्याने पुसत, गजाला चिंधी गुंडाळून नळ्या साफ करत, आणि मग एका डोळ्याने नळीतून आरपार पाहत. त्यांना नळीतून उजेड दिसे. मला आबांचा डोळा दिसे. एवढा स्वच्छ डोळा मी पुन्हा फारसा पाहिला नाही.

मग कायदा आला आणि शिकार बंद झाली. गावात पुष्कळ कुरकुर झाली; आबांनी केली नाही. “कायदा उशिराच आला,” ते म्हणाले, “तितर बोलल्याले किती दिवस झाले, कोनाले आठवतं का?” त्यांनी कोट खुंटीला लावला. त्यानंतर माझे काम उरले ते फक्त पीक राखण्याचे, म्हणजे बहुतेक वेळा आभाळाकडे तोंड करून एक आवाज करण्याचे. ऐंशीनंतर दोन-चार वर्षांत आबा गेले. मुले नोकरीच्या गावी होती, त्यांच्याकडे परवाना नव्हता. आणि परवाना नसलेल्या घरात बंदुकीला पाहुणी म्हणूनही राहता येत नाही. मुलांनी मला जळगावला जीवरामशेठच्या बंदुकीच्या दुकानात आणून ठेवले, विकून टाका म्हणून सांगितले, आणि एस.टी. पकडून निघून गेले. माझ्याकडे मागे वळून कोणी पाहिले नाही. कोटाचे काय झाले तेही मला ठाऊक नाही.

जीवरामशेठच्या दुकानात मी पुष्कळ वर्षे काढली. लाकडी चौकटीत, साखळी ओवून, आम्ही सगळ्या ओळीने उभ्या. माझ्या शेजारी एक नवी कोरी रायफल होती. तिच्या नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. गोळी त्या खाचांतून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते आणि फार लांब जाते. त्याचा तिला भारी ताठा. मी चाळीस पावलांच्या गप्पा मारणारी म्हातारी, ती कोसाच्या गोष्टी करणारी तरणी. पण एक सांगते, मित्रांनो, उघड्या माळावर, लांबच्या मोठ्या जनावराला तिच्याइतकी योग्य वस्तू नाही, हे मी आजही मान्य करते. दोष वस्तूत नसतो, तो नेमणुकीत असतो.

मला कुतूहल होते ते गिऱ्हाइकांचे. माझी समजूत अशी, की माणूस आधी जनावराचा विचार करत असेल, मग रानाचा, मग बंदुकीचा. थोड्याच दिवसांत माझी समजूत खोटी ठरली. बहुतेक माणसे जनावर पाहून बंदूक निवडत नाहीत, शेजारी पाहून निवडतात.

भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड दर महिन्याला येत, मला खांद्याला लावत, आणि आपण पाहिलेल्या वाघाची गोष्ट सांगत. वाघ दर महिन्याला वीतभर वाढे. बंदूक त्यांनी कधी घेतली नाही. घेतली असती तर वाघाचे वाढणे थांबले असते.

एकदा सावद्याचे केळीचे व्यापारी दलिचंद आले. पांढरीशुभ्र टोपी, बोलणे मऊ. त्यांच्या बागेत रानडुकरे शिरत आणि केळीचे कंद उकरून झाडे आडवी करत.

“जीवरामभाई, असं काही दाखवा,” ते म्हणाले, “आवाज मोठा निघाला पाहिजे, पण जीवहत्या नको.”

“मग फटाके घ्या ना शेठजी. सुतळी बॉम्ब घ्या.”

दलिचंदांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “फटाक्याला परवाना लागतो का?”

“नाही.”

“मग? कलेक्टर साहेबांच्या सहीचा परवाना घरात असला की गावात वजन असतं. फटाक्यानं काय वजन येणार?”

मला हसू आवरेना. शेठजींनी शेवटी एक एकनळी नेली आणि काडतुसे मात्र नेली नाहीत. मी मनात म्हटले, चला, या माणसाने निदान आपल्याला काय हवे ते ओळखले. हेही थोड्यांना जमते.

आणि मग एके दिवशी, एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर, रावेर तालुक्यातून एक जोडपे आले. नवरा सुकदेव, पस्तिशीचा, उभा आडवा गडी. बायको प्रमिलाबाई, डोक्यावर पदर, पण पदराखालचे डोळे दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर एकदा फिरून आलेले. सुकदेवाकडे पीक राखण्याचा परवाना होता, आणि बागेत शिरणाऱ्या डुकरांवर गोळी चालवायची रीतसर परवानगीही त्याने काढलेली होती. कागद चोख. विचार मात्र चोख नव्हता.

“रायफल दाखवा,” तो म्हणाला.

जीवरामशेठ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, “डुकरांसाठी ना? केळीच्या बागेत? मग ही दुनळी घ्या. जुनी आहे, पण नळ्या आरशासारख्या आहेत.”

“दुनळी नको. दुनळी माह्या भावाकडे आहे.”

झाले! मला सगळे कळले. नाव-गाव पुढे त्यांच्या घरी कळले: भाऊ म्हणजे पंडित, सुकदेवाचा थोरला. दोघांच्या बागा लागून, मध्ये एक बांध. त्या बांधाची माती नांगरताना कोणी कोरली यावरून दोघांत बोलणे बंद झाले होते, आणि गेली काही वर्षे एक भाऊ जे करी त्याच्या वरचढ दुसऱ्याने करायचे, असा नेम चालला होता. पंडिताने पत्र्याचे घर बांधले तर सुकदेवाने सिमेंटचे. पंडिताने मळ्यात बोअर मारली तर सुकदेवाने आणखी खोल. आता पंडिताकडे दुनळी होती, तर सुकदेवाला रायफल. डुकरांना या मसलतीत कोणी विचारलेच नव्हते.

शेठने रायफल काढून दिली. माझी शेजारीण अशी ऐटीत त्याच्या हातात गेली की विचारू नका. सुकदेवाने तिचे वजन तोलले, दस्ता गालाला लावला.

तेवढ्यात प्रमिलाबाईने विचारले, “शेठ, हिची गोळी थांबते कुठी?”

आयुष्यात मी हजार प्रश्न ऐकले होते. किती लांब मारते? किती जोरात मारते? किती डुकरे पडतील? पण थांबते कुठे, हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. माझे दोन्ही डोळे तिच्याकडे लागले.

“लागली तर जनावरात थांबते,” शेठ म्हणाले.

“अन् नाही लागली तर?”

शेठने घसा खाकरला. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खरे बोलायची घाई नव्हती. “वाटेत काही आडवं आलं नाही, तर... जाते पुढे. पुष्कळ पुढे.”

“केळीचं झाड आडवं आलं तर?”

“केळीत काय आहे बाई? पाणी. त्यातून ती सहज पार जाईल. दुसऱ्यातून, तिसऱ्यातूनही.”

प्रमिलाबाई नवऱ्याकडे वळली. “आपल्या बागेच्या पुढं बांध. बांधाच्या पुढं भाऊंची बाग. बागेत त्यांचं घर. घरात त्यांची लेकरं. ऐकलं ना शेठ काय म्हनले?”

“मी काय आंधळा आहे?” सुकदेव चिडला. “चुकून कशी लागीन?”

“लागनार नाही म्हना. पन लागली, तर ती चुकून लागली असं म्हननारा एक मानूस गावात दाखवा. एकच दाखवा, मी स्वतः रायफल उचलून घरी नेते.”

असा माणूस गावात नव्हता. ज्या भावांचे बोलणे बंद आहे, त्यांच्यात चूक होत नाही. जे होते त्याला गाव खूनच म्हणते. पोलीसही तेच म्हणतात, आणि खोटे कशाला बोला, मेलेल्याची बायकोही तेच म्हणते.

पण पुरुषाला चारचौघांत पटले तरी पटले असे म्हणता येत नाही. सुकदेवाने ऐकू न आल्यासारखे करून रायफल पुन्हा खांद्याला लावली आणि दुकानाच्या मागच्या भिंतीकडे रोखली. ती रिकामी होती, तरी जीवरामशेठचा हात नकळत पुढे झाला.

“काय दिसतं?” प्रमिलाबाईने विचारले. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी.

“कॅलेंडर.”

“त्याच्यामागं?”

“भिंत.”

“भिंतीमागं?”

“मले काय माहीत भिंतीमागं काय आहे ते!”

जीवरामशेठने हळूच नळी धरून छताकडे केली. “भिंतीमागं आमचं घर आहे,” ते म्हणाले. “या वेळेला आई झोपलेली असते तिथं.”

सुकदेवाने रायफल काउंटरवर ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. मग त्याने माझ्याकडे तोंड वाकडे करून पाहिले, लग्नात आहेर म्हणून जुने भांडे मिळावे तसे, आणि म्हणाला, “काढा ती म्हातारी.”

अशी मी रावेर तालुक्यात आले.

माझे स्वागत काय वर्णावे! गाव सुकदेवाच्या ओट्यावर जमले, मला उलटसुलट केले, आणि एक जण म्हणाला, “जळगावले जाऊन आजी आनली का रे?” पंडित स्वतः आला नाही, पण त्याचा निरोप आला. निरोप असा: “माह्या दुनळीले सासू आली म्हना.” सुकदेव दोन दिवस नीट जेवला नाही. मला त्याने कोनाड्यात उभे केले आणि पाठ फिरवली.

माझी देखभाल केली ती प्रमिलाबाईने. काडतुसे वेगळ्या डब्यात, डबा कुलपात, किल्ली तिच्या कमरेला. मला पुसताना ती बोलत असे. बायकांना घरात बोलायला कोणी नसले की त्या वस्तूंशी बोलतात, आणि वस्तू कुठे सांगायला जातात! एकदा अशीच फडके फिरवता फिरवता ती म्हणाली, “तुले एक सांगू का बाई? आमचे पंडितभाऊ रोज सकाळी तांब्या घेऊन आपल्याच बागेत येऊन बसतात. त्यांच्या बागेत जागा नाही का? हाय. पन भावाच्या बागेत बसल्यावर त्यांचं पोट जास्त मोकळं होतं.”

मी थक्क झाले. बंदुका, रायफली, बोअर, सिमेंट आणि आता हे! भांडणाचे असे चलन मी चोपड्याला कधी पाहिले नव्हते.

“ह्यांना माहीत नाही,” ती पुढे म्हणाली. “माहीत झालं तर डोकी फुटतीन. म्हनून मी गप आहे.”

आता मला कळले की दुकानातला तो प्रश्न तिच्या तोंडी कुठून आला होता. तिच्यासाठी बागेतल्या डुकरामागे कोण असेल हा नुसता विचार नव्हता. तिथे रोज सकाळी एक माणूस खरोखरच बसलेला असे. दिराचा जीव आणि नवऱ्याचे हात, दोन्ही एकट्या तिच्या जिभेवर टांगलेले होते. तिने नवऱ्याला नियम घालून दिला: ऊन पडल्याशिवाय गोळी नाही. तोवर पंडित परतलेला असे. कारण विचारले तर म्हणे, “अंधारात माही गाय मारसान.”

हिवाळा चांगला जाणवू लागला तशी डुकरे धीट झाली. कोवळ्या केळींचे कंद उकरून त्यांनी बांधाकडच्या ओळी जमीनदोस्त केल्या. आणि एका सकाळी, गोठ्यात प्रमिलाबाई धार काढत असताना, सुकदेवाला बागेतून डुकराची घुरघुर ऐकू आली. ऊन पडले होते का? तांबडे फुटले होते. त्याला ऊन म्हणायचे की नाही, हे ज्याच्या हातात बंदूक असते तो ठरवतो. किल्ली खुंटीवर होती, कारण धार काढताना कमरेला टोचते. त्याने डबा उघडला, उजव्या नळीत गोळीचे काडतूस घातले आणि वाळक्या पानांवर पाय न वाजवता बागेत शिरला.

डुक्कर होते, आणि मोठे होते. तीसेक पावलांवर मान खाली घालून उकरत होते. त्याच्या मागे केळीच्या खोडांचा दाट जुंबाडा, त्याच्या मागे धुके. सुकदेवाने मला खांद्याला लावले. तो डुकराकडे पाहत होता. मी मात्र, सवयीप्रमाणे, डुकराच्या मागे पाहत होते. धुक्यात काहीतरी पांढरे हलले.

मित्रांनो, बंदुकीला डोळे आहेत, जीभ नाही. चाप माझा आहे, पण बोट माझे नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात असहाय क्षण तो.

चाप ओढला गेला. त्याच क्षणी डुक्कर वळले, आणि गोळी त्याच्या पाठीवरून गेली. डुक्कर पळाले. आणि जुंबाड्यामागून माणसाची किंकाळी आली.

“मेलो रे! मारलं रे मले!”

तो आवाज कोणाचा हे सुकदेवाला सांगावे लागले नाही. वर्षानुवर्षे बोलला नसला तरी भावाचा आवाज ऐकूनच तो वाढला होता. मी त्याच्या हातातून गळून वाळक्या पानांत पडले, आणि तो धावला. जुंबाड्यामागे पंडित उभा होता. डुक्कर पाहून तो झाडाआड लपला होता, आणि आता तोंडापासून धोतरापर्यंत चिंब भिजून थरथरत होता. तांब्या पायाशी कलंडलेला.

“कुठी लागली? भाऊ, कुठी लागली?” सुकदेव त्याचे दंड, छाती, पोट चाचपत होता. सगळीकडे ओले लागत होते, आणि पहाटेच्या त्या उजेडात ओले ते रक्तच वाटत होते.

वाटेत मला उचलून घेऊन प्रमिलाबाई धापा टाकत आली. तिने पंडिताच्या सदऱ्यावरून बोट फिरवले आणि नाकाशी नेले. “रगत नाही,” ती म्हणाली. “केळीचा चीक आहे.”

तिघेही मटकन खाली बसले.

सुकदेवाचा रंग जरा परतला, तसा त्याला प्रश्न सुचला. “पन तू माह्या बागेत काय करत होता?”

पंडिताने तांब्याकडे पाहिले. मग आभाळाकडे पाहिले. “डुक्कर पाहाले आलतो.”

“तांब्या घेऊन?”

“...डुकराले पानी पाजाले.”

प्रमिलाबाईने पदर तोंडात कोंबला. पण सुकदेव हसला नाही. तो तिच्याकडे वळला. “तुले माहीत होतं?”

“होतं.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“सांगितलं असतं,” ती त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, “तर तुमी डुकराची वाट पाह्यली असती का?”

सुकदेव उठला आणि जुंबाड्याकडे गेला. पहिल्या केळीला गोळीचे भोक होते. त्याने बोट घातले, ते आत शिरले. झाडाच्या पलीकडे भोक होते. दुसऱ्या केळीलाही तसेच, आरपार, आणि त्यातून पाणी ठिबकत होते. तिसऱ्या केळीत त्याने बोट घातले ते खोल गेले आणि कशाला तरी टेकले. गार, गुळगुळीत. शिसे. त्या झाडाची पलीकडची बाजू मात्र साबूत होती, नुसती फुगून चिरली होती, आणि तिथूनच पंडितावर पाण्याचा फवारा उडाला होता. पंडित याच झाडाला टेकून उभा होता.

पंडितानेही जवळ येऊन पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बारीक आवाजात विचारले, “तू ती रायफल घेनार होता ना रे?”

सुकदेवाने मान हलवली. होय की नाही, ते कळले नाही.

त्या दिवसापासून गावात माझी वाहवा सुरू झाली. म्हातारीने घर वाचवले, असे लोक म्हणू लागले. मला हार घातला, हळदकुंकू लावले. जो तो आता दुनळी घ्यायला जळगावला निघाला. मला मात्र त्या कौतुकाचा हिशेब काही केल्या जुळेना. तिसरे झाड तिथे नसते तर? पंडित लपायला एक पाऊल बाजूला झाला असता तर? माझा जोर रायफलीपेक्षा कमी, ही गोष्ट त्याच्या बाजूने पडली, हे खरे. पण मी काही शहाणी बंदूक नव्हे. शहाणी बंदूक कोणत्याच कारखान्यात होत नाही. तितराला कोणते छर्रे, सशाला कोणते, रोहीला कोणती नळी, हे दुकानदार सांगू शकतो. जनावराच्या मागे कोण उभे आहे, हे दुकानात कळत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला हार घालू नका. तिला कोरडी ठेवा, रिकामी ठेवा, किल्ली खुंटीवर ठेवू नका. आणि हातात काहीही घ्या, बंदूक असो, दगड असो की तोंडातला शब्द असो, सोडण्याआधी एवढे विचारा की हा चुकला तर थांबेल कुठे. ज्याला याचे उत्तर ठाऊक नाही, त्याने हात खाली घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

बांधाचे भांडण मिटले का, असे तुम्ही विचाराल. नाही मिटले. मातीचा प्रश्न मातीसारखाच चिवट असतो. पंडिताच्या सदऱ्यावरचे चिकाचे काळे डाग निघाले नाहीत, तसेच तेही. पंडितही आपली जागा बदलायला तयार नाही. आता तर म्हणतो, इथे जीव गेला असता, आता इथे माझा हक्क झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीन गोष्ट घडली, आणि मी आजतागायत ती कोनाड्यातून रोज ऐकते. तांबडे फुटले की बांधावरून पंडिताची खणखणीत हाक येते:

“सुकदेवऽऽ! मी आलो रेऽऽ!”

आणि सुकदेव अंथरुणातूनच ओरडतो, “हाव भाऊऽऽ! बसऽऽ!”